प्रतिमा संवेदकाचे आकारमान

प्रतिमा संवेदकाचे आकारमान : अंकीय कॅमेऱ्यात भिंगातून आलेल्या प्रकाशाचे विद्युत् संकेतांत रूपांतर करणाऱ्या सिलिकॉनच्या पटलाला प्रतिमा संवेदक किंवा सेन्सर म्हणतात. त्याच्या क्षेत्रफळाचा छायाचित्राच्या दर्जाशी निकटचा संबंध आहे. तथापि सध्या रूढ असलेली आकारमाने केवळ प्रकाशकीय गणिताने ठरलेली नाहीत. त्यांमागे फिल्मच्या काळापासूनची परंपरा आहे.

फिल्मचा वारसा : एकोणिसाव्या शतकात मोठ्या काचपट्ट्या वापरीत आणि पुष्कळदा छापील चित्र काचपट्टीएवढेच असे. एडिसन यांच्या प्रयोगशाळेत डब्ल्यू. के. एल. डिक्सन यांनी १८९२ च्या सुमारास चलच्चित्रणासाठी ३५ मिमी. रुंदीची फिल्म तयार केली. तीवरील चौकट सु. २४ × १८ मिमी. होती. जर्मनीतील वेट्‌स्लार येथील लाइट्स कंपनीत काम करणारे ओस्कार बार्नाक (१८७९–१९३६) यांनी १९१३-१४ मध्ये हीच फिल्म आडवी सरकविणारा लहान कॅमेरा बनविला. त्यात दोन चौकटींची जागा एका चित्रास मिळून २४ × ३६ मिमी. हा आकार सिद्ध झाला. लहान निगेटिव्हवरून मोठे चित्र मिळविणे हे त्यांचे सूत्र होते. १९२५ मध्ये ‘लायका’ बाजारात आल्यावर हा आकार प्रमाणभूत ठरला.

संवेदकाचा उदय : अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये ‘सीसीडी’ या प्रयुक्तीची कल्पना मांडली. त्याबद्दल त्यांना २००९ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन यांच्या १९७५ च्या कॅमेऱ्यात १०० × १०० बिंदूंचा संवेदक होता. सिलिकॉनच्या चकतीवर मोठे संवेदक थोडेच बसतात व त्यांत दोष राहण्याचा संभव वाढतो. त्यामुळे किंमत क्षेत्रफळापेक्षा वेगाने वाढते. म्हणूनच १९९९ च्या ‘निकॉन डी-१’मध्ये २३·७ × १५·६ मिमी. संवेदक वापरला गेला. फिल्मच्या चौकटीएवढा संवेदक असलेले ‘कॅनन इओएस-१डीएस’सारखे कॅमेरे २००२ मध्ये आले. लहान संवेदकांची इंचांतील नावे मात्र जुन्या दूरचित्रवाणी कॅमेरा-नलिकांच्या बाह्य व्यासावरून आलेली आहेत. त्यामुळे ‘१ इंची’ संवेदकाचा कर्ण प्रत्यक्षात सु. १६ मिमी. असतो.

आकारमान व दर्जा : प्रकाश फोटॉनांच्या रूपाने अनियमितपणे येतो. फोटॉनांच्या संख्येत होणारा चढउतार त्या संख्येच्या वर्गमूळाइतका असल्याने जितका प्रकाश अधिक तितका चित्रातील कणीदारपणा कमी दिसतो. २४ × ३६ मिमी. संवेदकाचे क्षेत्रफळ ८६४ चौ. मिमी., तर खिशातील कॅमेऱ्यांत रूढ झालेल्या १/२·३ इंची संवेदकाचे सु. २८ चौ. मिमी. असते. दृश्यकोन, छिद्रांक व उद्‌भासनकाल समान ठेवल्यास पहिल्यावर सु. ३० पट प्रकाश पडतो आणि संकेताचे गोंगाटाशी गुणोत्तर सु. साडेपाच पट होते. तथापि छिद्राचा प्रत्यक्ष व्यास समान ठेवल्यास दोहोंना मिळणारा एकूण प्रकाश व चित्रातील स्पष्टतेची खोली जवळजवळ सारखीच राहते. म्हणजे मोठ्या संवेदकाचा लाभ मुख्यत्वे त्याच्यासोबतच्या मोठ्या भिंगामुळे मिळतो, आणि त्याची किंमत वजनाच्या रूपाने मोजावी लागते.

पाठीमागून प्रकाश घेणारे संवेदक २००९ च्या सुमारास ग्राहकोपयोगी कॅमेऱ्यांत आले. पुढे भ्रमणध्वनींत अनेक उद्‌भासने एकत्र करण्याची पद्धतीही रूढ झाली. स्थिर दृश्यांपुरती तिने लहान संवेदकाची उणीव बरीचशी भरून काढली आहे. मंद प्रकाशातील वेगवान हालचाल टिपताना मात्र क्षेत्रफळाचे महत्त्व टिकून आहे.