‘उद्या या’ म्हणणारा स्क्रीन प्रिंटिंगवाला खोटं बोलतो का? छपाईच्या वेळेचं गणित समजून घ्या

आखाजी तोंडावर आली की जळगाव, धुळ्यात लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे गर्दी होते. १४ एप्रिलच्या आधी जयंतीचे टी-शर्ट, गणपतीच्या आधी मंडळांचे टी-शर्ट, आणि निवडणूक लागली की टोप्या आणि गमछे. प्रत्येक गिऱ्हाईक एकच प्रश्न विचारतं, “कधी मिळेल?” आणि उत्तरही बहुतेक वेळा एकच असतं, “उद्या या.”

मग उद्याचा परवा होतो. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आलेल्या टी-शर्टचा मंडळाला काय उपयोग? दुकानदाराचे पैसे अडकतात, कारागिरांची रात्र जाते आणि घाईत माल खराब होतो तो वेगळाच. पण हा वेळ आधीच मोजता येतो का? येतो. कसा, ते पाहूया.

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये नेमकं काय होतं?

एका चौकटीवर बारीक जाळी ताणलेली असते. तिच्यावर प्रकाशाला संवेदनशील असं इमल्शन लावून ते अंधारात सुकवतात. त्यावर डिझाईनची फिल्म ठेवून प्रकाश देतात. प्रकाश पडलेला भाग कडक होतो, डिझाईनखालचा भाग पाण्याने धुतला जातो. मग स्क्वीजीने शाई ओढली की ती त्या मोकळ्या जाळीतून खाली उतरते. इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी १९०७ मध्ये स्क्रीनच्या छपाईचं पेटंट घेतलं होतं. आज साधनं बदलली आहेत, पण मूळ तत्त्व जाळीतून शाई उतरवण्याचंच आहे.

महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते. तीन रंग म्हणजे तीन स्क्रीन.

३० नग आणि ३०० नग, वेळ दहापट का लागत नाही?

कारण वेळेचे दोन भाग असतात. एक तयारीचा, जो नग कितीही असले तरी तेवढाच राहतो. दुसरा छपाईचा, जो नगांप्रमाणे वाढतो.

उदाहरण घेऊ. एका मंडळाचे ३०० टी-शर्ट आहेत. पुढे दोन रंग, मागे एक रंग. हातमशीन आहे. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, प्रत्येक दुकानात ते वेगळे असतील.

- तीन स्क्रीन तयार करणे: ३ तास
- मशीनवर स्क्रीन बसवून रंग जुळवणे: १ तास
- पुढची छपाई, नगाला १ मिनिट: ५ तास
- मागची छपाई, नगाला अर्धा मिनिट: अडीच तास

एकूण साडेअकरा तास. हेच काम ३० टी-शर्टचं असेल तर तयारीचे ४ तास तसेच राहतात आणि छपाई फक्त ४५ मिनिटांची होते. म्हणजे पावणेपाच तास. नग दहापट झाले, पण वेळ अडीचपटही झाला नाही. ‘दहाच तर टी-शर्ट आहेत, लगेच द्या’ हे म्हणूनच गणितात बसत नाही.

सगळ्यात हळू टप्पा कोणता, ते आधी पाहा

छपाईनंतर शाई पक्की करावी लागते. टी-शर्टसाठी वापरली जाणारी प्लास्टिसोल शाई साधारण १६० अंश सेल्सिअसपर्यंत तापावी लागते. समजा तुमच्याकडे एकच हीट प्रेस आहे आणि दोन्ही बाजू धरून एका टी-शर्टला २ मिनिटं लागतात. ३०० टी-शर्टचे झाले १० तास. छपाई साडेसात तासांत उरकली तरी माल हीट प्रेसपाशी तुंबणारच. अशा वेळी छापायला आणखी एक माणूस लावून काही फायदा नाही.

पत्रिकांमध्ये हीच अडचण रॅकची असते. ओली पत्रिका दुसऱ्या पत्रिकेवर ठेवता येत नाही, आणि पहिला रंग वाळल्याशिवाय दुसरा मारता येत नाही. रॅक भरलं की हात थांबतात.

घाईत बळी जातो तो याच टप्प्याचा. शाई नीट पक्की झाली नाही तर पहिल्या धुण्यात प्रिंटला तडे जातात.

खान्देशातलं हवामानही हिशोबात धरा

उन्हाळ्यात इथला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पाण्यावर आधारित शाई जाळीतच सुकू लागते, मधेमधे थांबून स्क्रीन पुसावी लागते. पावसाळ्यात उलटं होतं. दमट हवेत इमल्शन लवकर सुकत नाही आणि ओलसर इमल्शनवर प्रकाश दिला तर स्क्रीन धुताना डिझाईन निघून येतं. म्हणजे तीन तासांची तयारी पुन्हा पहिल्यापासून. वीज गेली तर तेही आलंच. म्हणून आठ तासांच्या पाळीत कामाचे सहा तास धरणं शहाणपणाचं. आपले साडेअकरा तास म्हणजे मग जवळपास दोन दिवस.

पण गिऱ्हाइकाला दोन दिवसांत मिळेल का?

नाही, कारण त्याच्या आधी रांग आहे. इथे जॉन लिटल यांचा नियम कामाला येतो. अमेरिकेतल्या या अभ्यासकाने १९६१ मध्ये त्याची सिद्धता मांडली. साध्या भाषेत तो असा : दुकानात सरासरी जेवढी कामं पडून आहेत, त्यांना रोज बाहेर पडणाऱ्या कामांनी भागा. तेवढे दिवस सरासरी एक काम दुकानात राहतं.

दुकानात १२ कामं आहेत आणि रोज २ पूर्ण होतात, तर नव्या कामाला साधारण ६ दिवस. ‘उद्या या’ म्हणणारा बहुतेकदा खोटं बोलत नसतो. तो फक्त हातातल्या कामाचे तास मोजतो, रांगेचे दिवस मोजत नाही.

अनुभव असूनही अंदाज का चुकतो?

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या सवयीला ‘प्लॅनिंग फॅलसी’ असं नाव दिलं. आपण पुढच्या कामाचा विचार करताना सगळं सुरळीत होईल असं धरतो आणि मागच्या वेळी काय झालं ते विसरतो.

उपाय एका वहीचा आहे. प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी लिहा : नग आणि रंग, सांगितलेला वेळ, प्रत्यक्ष लागलेला वेळ. वीस-पंचवीस कामांनंतर तुमचा अंदाज किती कमी पडतो ते दिसेल. दोनाचे तीन दिवस होत असतील तर पुढच्या वेळी तीनच सांगा.

घड्याळ नक्की कधी सुरू होतं?

वाद इथेच होतात. गिऱ्हाईक फोन केल्यापासून दिवस मोजतं. पण व्हॉट्सॲपवर आलेला पुसट लोगो आधी पुन्हा काढावा लागतो. मराठी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये नेताना जोडाक्षरं फुटतात, ती दुरुस्त करावी लागतात. कोरे टी-शर्ट तिरुपूरहून मागवले असतील तर त्यांची वाट पाहावी लागते.

म्हणून पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा : डिझाईनला होकार, ॲडव्हान्स आणि कोरा माल या तिन्ही गोष्टी हातात आल्या की त्या दिवसापासून मोजणी सुरू.

आणि तुम्ही गिऱ्हाईक असाल तर?

‘कधी मिळेल’ याच्या आधी ‘तुमच्याकडे आत्ता किती कामं आहेत’ हे विचारा. रंग कमी करता येतील का पाहा, एक रंग कमी म्हणजे एक स्क्रीन कमी. नावं आणि तारीख घरातल्या दोघांना तपासायला लावूनच होकार कळवा, कारण छापायला घेतल्यावर सापडलेली चूक म्हणजे नवी स्क्रीन. आणि तुमच्या कार्यक्रमाची खरी तारीख सांगा. प्रत्येकानेच दोन दिवस आधीची तारीख सांगितली, तर खरी घाई कोणाची हे दुकानदाराला कळणार कसं?