जलवायुमान
एखाद्या प्रदेशातील हवामानाची दीर्घकाळची, सामान्यतः ३० वर्षांची सरासरी स्थिती. आज पाऊस पडला, हे हवामान. कोकणात जूनमध्ये पाऊस येतोच, हे जलवायुमान. बोलताना दोन्हींना हवामानच म्हणतात, म्हणून घोटाळा होतो. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि बहुतेक पाणी तिथेच सांडतात. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. पसरणीचा घाट उतरून वाईला आले की तो हजाराच्याही आत. म्हणून कोकणात उतरती कौलारू छपरे, भात आणि आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी. घाटापलीकडच्या कमी पावसाच्या माणदेशात धाब्याची सपाट घरे आणि बाजरीची भाकरी. मे महिन्याची शाळेची सुट्टीही उन्हाचीच देणगी.