सांडपाणी शुद्धीकरण, लहान गावांचे (खानदेश)

लहान गावाचे घरगुती सांडपाणी नदीत जाण्यापूर्वी त्यातील गाळ, सेंद्रिय घाण व रोगजंतू कमी करणारी व्यवस्था. खानदेशात तिची गरज गावाच्या आकारापेक्षा नदीच्या प्रवाहावरून ठरते. तापीखेरीज गिरणा, पांझरा, बोरी, तितूर, कान या नद्या मुख्यतः पावसाळ्यातच भरून वाहतात. धरणाचे आवर्तन सुटले नाही तर उन्हाळ्यात पात्र उघडे पडते. अमळनेर, चाळीसगाव, साक्री यांसारख्या गावांची गटारे मात्र बारमाही वाहतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत महाराष्ट्रातील ५३ प्रदूषित नदीपट्टे होते, आणि वरील सर्व नद्या त्यांत होत्या. खानदेशात दहा लाख वस्तीचे एकही शहर नसताना हे घडले, म्हणून दोष केवळ मोठ्या शहरांवर ढकलता येत नाही.

हिशेब साधा आहे. माणशी रोज १३५ लिटर पाणी आणि त्यातले ८० टक्के गटारात, असे धरले तर वीस हजार वस्तीचे गाव रोज सुमारे साडेएकवीस लाख लिटर सांडपाणी सोडते. घाण कुजताना जिवाणू पाण्यातला किती ऑक्सिजन खातील, ते ‘बीओडी’ या मापाने कळते. कच्च्या सांडपाण्यात तो लिटरमागे २०० मिलिग्रॅमच्या आसपास असतो. स्नानयोग्य नदीत ३ पेक्षा जास्त नसावा. नदीचे मूळ पाणी १ मिलिग्रॅमइतके स्वच्छ मानले, तरी केवळ मिसळून ही पातळी गाठायला सांडपाण्याच्या जवळजवळ शंभरपट पाणी लागेल. प्रक्रियेने बीओडी ३० वर आणला तर चौदापट पुरते. शंभरपट पाणी एप्रिलमधल्या बोरीत कुठून येणार? त्यात पांझरेवरच्या जुन्या फड (सामूहिक सिंचन) बंधाऱ्यांसारख्या अडवणुकीमागे पाणी साचते. तीस अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो आणि उन्हामुळे कुजणेही वेगाने होते. मासे मरतात ते याच कोंडीत.

पावसाळ्यात नदी धुऊन निघते, हा आक्षेप अर्धाच खरा आहे: पूर घाण पुढच्या गावाकडे नेतो, आणि पुराआधीचे कोरडे महिने उरतातच. यंत्रे बसतात पण वीजबिल थकले की बंद पडतात, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. त्याचे उत्तर गावाला झेपेल अशी रचना निवडण्यात आहे. शहराला जागा महाग पडते, गावाजवळ ती तुलनेने सहज मिळते. अशा जागेवर खोदलेल्या उथळ स्थिरीकरण तळ्यांत विजेऐवजी शेवाळ ऑक्सिजन पुरवते, जिवाणू घाण खातात, ऊन रोगजंतू मारते. नदीला जाचणारा खानदेशी उन्हाळा इथे कामाला येतो. तरीही कचरा अडवणाऱ्या जाळ्या रोज साफ कराव्या लागतात आणि काही वर्षांनी गाळ उपसावाच लागतो. ही तरतूद पंचायतीच्या अंदाजपत्रकात नसेल तर तळी डासांचे घर होतील. शेतकरी गटाराचे पाणी तसेच उचलतात, मग प्रक्रिया कशाला, असेही विचारले जाते. कच्च्या पाण्यावरच्या भाजीतून जंत व जुलाब घरात येतात. शुद्ध केलेले पाणी कपाशीला निर्धास्त देता येते. चौदापट पाणीही नसलेल्या नदीसाठी हाच मार्ग अधिक योग्य ठरतो: कोरड्या महिन्यांत प्रक्रिया केलेले पाणी आधी शेतीला द्यावे, आणि उरले तरच पात्रात सोडावे.