इशारा कोणासाठी? कंपायलरच्या गोंगाटाचा छोटा इतिहास

१/११
१ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणेपद्धती सुरू झाली. रुपयाचे १६ आणे जाऊन १०० नवे पैसे आले. मात्र आणे त्याच सकाळी बाद झाले नाहीत. जुनी आणि नवी नाणी काही काळ बाजारात सोबतच चालली. पुढे १ जून १९६४ रोजी ‘नवे’ हे विशेषणही गळाले. जुने अजून चालते, पण त्याचे दिवस भरत आले आहेत, अशा संधिकाळाला संगणकाच्या जगात ‘डेप्रिकेशन’ म्हणतात. हा धागा त्या काळात दिल्या जाणाऱ्या इशाऱ्यांविषयी आहे.

२/११
आधी दोन संज्ञा. आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर. दुसऱ्याने लिहिलेली लायब्ररी वापरण्यासाठी आपण प्रोग्रामच्या माथ्यावर एका ओळीत जिला बोलावतो ती हेडर फाइल. ती एक ओळ लिहिताच त्या फाइलमधील सारा मजकूर आपल्या प्रोग्रामचा भाग होतो. साहजिकच लायब्ररीकाराने एखादी जुनी पद्धत वापरलेली असेल, तर तिचा इशारा आपल्या पडद्यावर उमटतो. दोष परक्या घरचा, बोलणी मात्र आपल्याला.

३/११
हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ मध्ये ‘लिंट’ हे साधन घडवले. लिंट म्हणजे कापडाला चिकटलेले तंतू. सी भाषेचे कंपायलर भाषांतर वेगाने करीत, पण बारीक तपासणी करीत नसत. ते काम लिंटकडे आले. तक्रारी वाढू लागतील हे जाणून लिंटने ठरावीक खुणांची सोयही ठेवली. ‘लिंटलायब्ररी’ ही खूण फाइलच्या आरंभी असली, की त्यातील न वापरलेल्या फंक्शनांबद्दल लिंट मौन पाळत असे. इशारा देणे आणि तो आवरणे या दोन्ही कला अशा एकत्रच जन्मल्या.

४/११
मग इशारे सरसकट बंदच का करू नयेत? २ नोव्हेंबर १९८८ रोजी ‘मॉरिस वर्म’ने इंटरनेटवरील हजारो यंत्रे वेठीस धरली. त्याच्या शिरकावाची एक वाट होती सी भाषेतील ‘गेट्स’ हे फंक्शन. येणारा मजकूर किती मोठा आहे, हे ते पाहतच नसे. पुढे त्याच्या वापरावर धोक्याचे इशारे येऊ लागले आणि २०११ च्या सी प्रमाणकातून ते हद्दपार झाले. काही इशारे ऐकण्याजोगे असतात ते असे.

५/११
रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीसीसी या कंपायलरने या पेचावर एक व्यवहारी तोडगा काढला. संगणकप्रणालीची स्वतःची हेडर नेहमीच काटेकोर प्रमाण भाषेत लिहिता येत नाहीत. म्हणून त्या ठरावीक फोल्डरांतील फाइलींमध्ये उद्भवणारे बहुतेक इशारे तो दाखवतच नाही. शिवाय ‘आयसिस्टम’ या पर्यायाने आपण इतर कोणत्याही लायब्ररीच्या फोल्डरला हाच दर्जा देऊ शकतो.

६/११
येथे एक बारकावा आहे. जुन्या फंक्शनचा वापर हेडरच्या आत झाला असेल, तर इशारा दबतो. तेच फंक्शन तुम्ही स्वतःच्या फाइलमध्ये वापरले, तर इशारा येतोच. परक्या घरातील कुरबुर उंबऱ्याबाहेर राहते आणि आपल्या घरातील दोष मात्र झाकला जात नाही.

७/११
या सोयीचे मोल २०११ नंतर कळले. त्या वर्षीच्या सी++ प्रमाणकाने ‘ऑटो_पीटीआर’ ही रचना कालबाह्य ठरवली. पण ‘बूस्ट’सारख्या नामांकित लायब्ररीने जुन्या वापरकर्त्यांसाठी ती आपल्या हेडरांत जपली होती. ज्याने ती रचना जन्मात लिहिली नाही, त्याच्याही पडद्यावर इशारे बरसू लागले. एक हेडर १०० फाइलींत बोलावले, तर तोच इशारा १०० वेळा. त्या गर्दीत स्वतःच्या चुकीचा एकमेव इशारा कोण शोधणार? २०१७ च्या प्रमाणकाने ती रचना काढूनच टाकली.

८/११
उपाय तीन, त्यांतील फरक ओळखावा. सर्व इशारे एकदम बंद करणे हा सर्वांत सोपा, म्हणूनच सर्वांत घातक. परक्या लायब्ररीचे फोल्डर ‘आयसिस्टम’ने वेगळे काढणे हा सर्वांत नेटका. आणि फोल्डर वेगळे काढता येत नसेल, तर हेडर बोलावण्याच्या ओळीपुरताच विशिष्ट इशारा थांबवून लगेच पूर्वस्थिती आणणे हा तिसरा. जीसीसीमध्ये ही ‘पुश’ आणि ‘पॉप’ची सोय २०११ मध्ये आली.

९/११
आता आपल्या मुलखाकडे वळू. बोरलँड कंपनीचे टर्बो सी++ १९९० मध्ये आले. सी++ चे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाणक आले १९९८ मध्ये. त्या प्रमाणकाने ‘आयओस्ट्रीम.एच’ऐवजी नुसते ‘आयओस्ट्रीम’ स्वीकारले. तरीही गडहिंग्लजसारख्या तालुक्याच्या गावापासून पुण्या-मुंबईपर्यंत महाराष्ट्रातील पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी प्रयोगवहीत पहिली ओळ लिहिली ती ‘.एच’ लावूनच. नव्या ६४-बिट विंडोजवर टर्बो सी++ चालेना, तेव्हा डॉसबॉक्समध्ये का होईना, ते चालवले गेले.

१०/११
दरम्यान जगात काय घडत होते? २००१ मध्ये आरंभलेली जीसीसी ३ मालिका त्या जुन्या हेडरवर इशारा देई, नवे नाव सुचवी आणि इशारा बंद कसा करावा हेही सांगे. मार्च २००८ च्या जीसीसी ४.३ मध्ये ते हेडरच उरले नाही. इशाऱ्याची जागा ‘अशी फाइल नाही’ या त्रुटीने घेतली. टर्बो सी++ मात्र प्रमाणकापूर्वीचे. त्याला हा बदल ठाऊकच नव्हता. ज्यांनी प्रयोगशाळेत फक्त तेच पाहिले, त्यांच्यापर्यंत त्या सात वर्षांतील एकही इशारा पोहोचला नाही. शिक्षण संपवून नोकरीच्या दारात उभे राहिल्यावर थेट त्रुटीच भेटली.

११/११
म्हणजे ऐकू न येण्याची कारणे दोन. कोठे इशारे इतके, की कान बधिर व्हावेत. कोठे इशारा देणारेच कोणी नाही. दोन्हीकडे हानी शिकणाऱ्याचीच होते. लॅटिनमध्ये ‘डेप्रिकारी’ म्हणजे प्रार्थना करून संकट टाळणे. ती प्रार्थना ज्याच्या हाती बदल आहे त्याच्यापर्यंत पोहोचली, तरच फळते. तेव्हा मित्रहो, घरात ताई-दादांची जुनी प्रयोगवही असेल, तर त्यातील एखादा प्रोग्राम आजच्या कंपायलरवर चालवून पाहा. पहिल्याच ओळीवर काय उत्तर येते आणि किती बदल केल्यावर तो चालतो, ते खाली जरूर लिहा.