टोड लेनमधलं दुकान

वाणसामानाचं दुकान उघडणं ही काही इतिहासात नोंदवावी अशी गोष्ट नव्हे. पण इंग्लंडातल्या रॉचडेल गावी, टोड लेन नावाच्या गल्लीत, २१ डिसेंबर १८४४ च्या संध्याकाळी जे दुकान उघडलं त्याची नोंद इतिहासाला घ्यावी लागली. लोणी, साखर, पीठ आणि थोड्या मेणबत्त्या, एवढाच काय तो माल! मालक होते विणकर आणि इतर कारागीर. आठवड्याला दोन-तीन पेन्स बाजूला टाकून त्यांनी २८ पौंडांचं भांडवल जमवलं होतं. बाहेर पोरं टिंगल करीत उभी होती.

धास्ती निराळीच होती. त्याच गल्लीत कामगारांनी पूर्वी काढलेलं असंच एक दुकान उधारीपायी १८३५ साली बुडालं होतं. शिवाय ज्याच्या डोक्यावर दुकानदाराची बाकी, त्यानं भेसळीचं पीठ आणि मापातलं पाप मुकाट्यानं सोसायचं, अशी तिथली रीत.

म्हणून या मंडळींनी नियम ठरवले : माल चोख, माप पुरं, व्यवहार रोखीचा. मत माणशी एक. आणि नफा वाटायचा तो ज्याच्या-त्याच्या खरेदीच्या प्रमाणात.

‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी आपण हसून वाचतो. पण मोकळ्या हातानं आलेल्या शेजाऱ्याला ‘नाही’ म्हणणं सोपं का असतं? त्या कठोर नकारावरच दुकान तगलं. पुढे जगभरच्या सहकारी भांडारांनी हेच नियम उचलले. आपल्याकडे अशा भांडारांना १९१२ च्या कायद्यानं वाट करून दिली. टोड लेनमधल्या त्या जागेत आज संग्रहालय आहे.