प्रिसिजन बास

लिओ फेंडर (1909–1991) यांनी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे घडवलेली चार तारांची विद्युत बास गिटार. 1951च्या अखेरीस ती बाजारात आली. या जातीचे मोठा खप मिळवणारे पहिले वाद्य हेच. पण आद्य मात्र नव्हे. सिएटलच्या पॉल टटमार्क यांनी 1930च्या दशकातच पडद्यांचा, आडवा धरून वाजवायचा विद्युत बास विकायला काढला होता. तो फारसा चालला नाही.

त्या काळी वाद्यवृंदांत माणसाहून उंच असा उभा बास असे. प्रवासात त्याची अडचण होई आणि ड्रम व विद्युत गिटार यांच्यापुढे त्याचा आवाज बुडून जाई. शिवाय पडदे नसल्याने सूर सगळा वादकाच्या अंदाजावर. या अडचणींवर तोडगा काढणारे फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार येत नव्हती. ही दुरुस्तीवाल्याची नजर वाद्यात जागोजाग दिसते. मेपलची दांडी लाकडी धडाला चिकटवलेली नसून चार स्क्रूंनी आवळलेली असते. खराब झाली की काढून दुसरी बसवावी. कंपणाऱ्या तारेची लांबी 34 इंच, पडदे 20. तारा साध्या गिटारच्या जाड चार तारांच्या एक सप्तक खाली लावतात. धडाचे वरचे शिंग पुढे काढले आहे, ते पट्ट्याने गळ्यात अडकवल्यावर लांब दांडी खाली झुकू नये म्हणून.

आजचे रूप 1957चे. आधीच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारांची कंपने विजेत बदलणाऱ्या भागात, प्रत्येक तारेखाली एकच चुंबक होता, त्यामुळे आघात कर्कश येई. विजेची घरघरही ऐकू येई. नव्या रचनेत पिकअपचे दोन तुकडे केले, दोन-दोन तारांसाठी एकेक. त्यांची वेटोळी व चुंबक परस्परांच्या उलट असल्याने घरघर आपसांत कटते, तारांचा आवाज मात्र टिकतो. प्रत्येक तार आता दोन चुंबकांच्या मधून जाते. तारांच्या खालच्या बाजूला बोटे टेकायला लाकडी पट्टी असे, कारण सुरुवातीचे बरेच वादक अंगठ्याने छेडत. डेट्रॉइटच्या मोटाउन या ध्वनिमुद्रण कंपनीचे जेम्स जेमरसन मात्र एकट्या तर्जनीने वाजवत. त्यांच्या 1962च्या बासवरील सपाट वेढ्याच्या तारा ते सहसा बदलतच नसत.

जानेवारी 1965 मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीने फेंडर यांची कंपनी 1 कोटी 30 लाख डॉलरना घेतली. संग्राहक त्याआधीच्या नगांना कितीतरी जास्त भाव देतात. यात अतिशयोक्ती आहे: मालकी बदलली त्या दिवशी कारखान्यातले कारागीर आणि लाकूड बदलले नव्हते. वय ठरवण्यासाठी स्क्रू सोडवून दांडीच्या बुडाशी लिहिलेली वा शिक्क्याची तारीख पाहतात आणि आवाजाच्या बटणांखालील सुट्या भागांवरचे आकडे तिच्याशी ताडून बघतात. ती तारीख दांडीची असते, अख्ख्या वाद्याची नव्हे. आणि चार स्क्रूंवर दांडी बदलत असल्याने एका सालची दांडी आणि दुसऱ्या सालचे धड अशी जोडकामे जुन्या बाजारात सर्रास आढळतात.