मापातील साम्य आणि वंशातील नाते

मल्हारगंजच्या जुन्या घरांत बारशाच्या दिवशी ‘नाक अगदी पणजोबांचे’ असा निर्वाळा वडीलधारी मंडळी हमखास देतात. आपली घराणी होळकरांच्या मागोमाग अठराव्या शतकात नर्मदा ओलांडून माळव्यात आली. मूळ शोधायचे तर कुलवृत्तांत आणि जुन्या तसबिरी एवढाच आधार. पण रूपाच्या साम्यावरून नाते कितपत ठरवता येते? या प्रश्नाचा सर्वांत जुना खटला त्याच नर्मदेच्या काठी उभा आहे.

५ डिसेंबर १९८२ रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना सीहोर जिल्ह्यातील हथनोरा येथे मानवी कवटीचा अश्मीभूत वरचा भाग सापडला. उजवी बाजू बरीचशी शाबूत. जबडा व दात नाहीत. भुवयांवरील जाड कंगोरा पाहून सोनकियांनी तिला ‘होमो इरेक्टस’ या प्राचीन जातीत घातले आणि ‘नर्मदेन्सिस’ असे उपजातीचे नाव दिले. १९९१ मध्ये केनेथ केनेडी आणि सहकाऱ्यांनी, त्यांत स्वतः सोनकियाही होते, पुन्हा मापे घेतली. मेंदूची पोकळी ११५५ ते १४२१ घनसेंटिमीटर भरली आणि कवटी ‘प्राचीन होमो सेपियन्स’ ठरली. २००७ मध्ये शीला अथ्रेया यांनी ती ‘हायडेलबर्ग मानवा’च्या गटात बसते का, हे आकाराच्या संख्याशास्त्रीय तुलनेने तपासले. कवटी एकच, वाद मात्र अद्याप मिटलेला नाही.

असे का व्हावे? लांबी व रुंदी बहुधा एकत्रच वाढतात; दोन्ही स्वतंत्र पुरावे मानले तर एकच साक्ष दोनदा मोजली जाते. ही अडचण ओळखून प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ मध्ये अनेक मापांतील परस्परसंबंध लक्षात घेऊन दोन गटांमधील अंतर काढण्याची रीत मांडली. ती आज जगभर वापरली जाते. तरीही अंतर म्हणजे वंशावळ नव्हे. दूरच्या पूर्वजाकडून सर्वांनाच मिळालेले लक्षण जवळचे नाते सिद्ध करीत नाही. एखाद्या शाखेत नव्याने उपजलेले आणि तिच्या वंशजांतच उतरलेले लक्षणच ते करू शकते. शिवाय सारख्या राहणीमुळे परक्यांतही सारखेपणा येतो.

शासकीय सेवेत आम्ही हेच शिकलो होतो. मोजणीने शेताची हद्द कळते. वारस कोण, हे मोजणीचा नकाशा सांगत नाही.

१९७८ पासून इंदूरला नर्मदेचे पाणी येते. हथनोरावरून वाहत आलेले तेच पाणी आपण पितो. या भूमीत आपण जुने, असे म्हणताना त्या बेवारस कवटीची आठवण ठेवावी. बारशाला नाक जरूर पणजोबांचे म्हणावे. केवळ नाकावरून कुणाला आपला वा परका मात्र ठरवू नये.